मुलींची हजेरी आणि शाळेतलं ताट : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शालेय पोषण आहाराबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. पत्रं आली ती बहुतेक गावांतून. शिक्षिका, स्वयंपाकी ताई, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि बऱ्याच आया. योजनेचं नाव २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ झालं, तरी पत्रांत सगळीकडे ‘खिचडी’ हाच शब्द आहे. आम्हीही तो वापरला आहे. आहारशास्त्र जाणणारे आणि शाळांचं कामकाज जवळून पाहणारे, अशा दोघांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

समितीतले काही जण म्हणतात, ‘आता घरोघरी खायला आहे, खिचडीसाठी कोण शाळेत येतं? त्यापेक्षा तेवढे पैसे मुलींच्या खात्यात टाका.’ याला काय उत्तर द्यावं?
— शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, हिंगोली जिल्हा

पैसा किंवा कोरडा शिधा घरी गेला की तो घराचा होतो. ताटात वाढलेला घास मात्र मुलीच्याच पोटात जातो. आपल्याकडे हे करून पाहून झालं आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत शिजवलेलं जेवण नव्हतं. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. तो घरच्या डब्यात पडायचा आणि सगळ्यांत वाटला जायचा. शिवाय महिनाअखेरीला मिळणाऱ्या तांदळामुळे आज, मंगळवारी दुपारी, मुलीला वर्गात बसावंसं वाटण्याचं काही कारण नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, त्यानंतर चित्र पालटलं.

आता पैशाचं. तांदूळ वगळून बाकी जिन्नस, भाजी आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे असा दर आहे. वर्षाचे २२० दिवस धरले तर लहान मुलीमागे साधारण दीड हजार रुपये होतात. एवढे पैसे खात्यात आले तर आई रोज दुपारी तिच्यासाठी वेगळी डाळ-भाजी शिजवू शकेल का? आई त्या वेळी कुणाच्या तरी शेतात खुरपत असते.

मुलींचा दिवस कसा सुरू होतो तेही समितीसमोर मांडा. पाणी भरणं, धाकट्याचं आवरणं, आई रोजाने निघायच्या आत झाडलोट. यात मुलगी चहात बुडवलेल्या टोस्टवर नाहीतर तशीच शाळेत येते. दुपारी जेवायला घरी गेली तर बऱ्याचदा परत येत नाही, कारण घरी गेलं की काम हाताला लागतं. शाळेत जेवण असलं की ती मधल्या सुट्टीत घराची पायरी चढत नाही आणि दुपारचे तास तिला मिळतात. मुलांनाही याचा फायदा होतोच, पण मुलींना जास्त होतो. ज्याँ द्रेज आणि गीता किंगडन या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये ग्रामीण उत्तर भारतातल्या पाहणीवरून हेच दाखवलं होतं. मुलींचं शाळेत असणं आणि शाळेत जेवण असणं यांचा संबंध मुलग्यांपेक्षा ठळक निघाला.

तुमच्या शाळेपुरतं बघायचं असेल तर दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. मुलींची हजेरी दोनदा घ्या, सकाळी प्रार्थनेनंतर आणि जेवणानंतरच्या पहिल्या तासाला. तांदूळ संपला किंवा गॅस आला नाही म्हणून जेवण झालं नाही, त्या दिवसांवर खूण करा. पुढच्या बैठकीत त्या दोन आकड्यांमधली तफावत वाचून दाखवा. वाद तिथे बराच निवळेल.

पट ६२, पहिली ते पाचवी. मी एकटीच करते. खिचडी कधी गिच्च गोळा होते, कधी पांचट. शेवटच्या पोरींना नुसतं पाणी येतं. प्रमाण नीट सांगा.
— स्वयंपाकी ताई, यवतमाळ जिल्हा

ताई, आधी एक गोष्ट. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, २६ ते १०० पर्यंत दोन, पुढे दर शंभरापर्यंत आणखी एक, असा निकष आहे. ६२ च्या पटाला तुमच्या जोडीला दुसरी मदतनीस हवी. मुख्याध्यापकांमार्फत समितीच्या ठरावासह तालुक्याला लेखी मागणी जाऊ द्या. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं.

आता प्रमाण. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला याच्या दीडपट, म्हणजे १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. पट ६२ असला तरी शिजवायचं हजर मुलांचं. सकाळची हजेरी ५५ निघाली असं धरू. तांदूळ साडेपाच किलो, डाळ १ किलो १०० ग्रॅम, भाजी पावणेतीन किलो, तेल २७५ ग्रॅम म्हणजे जवळजवळ ३०० मिली. हे रोज काट्यावर तोलणं होत नसेल तर एकदाच तोला आणि मापं बांधून घ्या. तांदळासाठी एक ठरलेला डबा, डाळीसाठी एक तांब्या, तेलासाठी आतून खूण केलेलं भांडं. डाळीचं माप डाळीगणिक बदलतं. मूगडाळ आणि अख्खी मटकी एकाच तांब्यात सारख्या वजनाची बसत नाहीत, म्हणून प्रत्येक कडधान्याची खूण वेगळी करा.

पाणी. घरच्या अंदाजाने मोठ्या पातेल्यात पाणी घातलं की खिचडी पांचट होते. मोठ्या पातेल्यात अन्नाच्या मानाने वाफेवाटे कमी पाणी उडतं, म्हणून प्रमाण घरच्यापेक्षा कमी लागतं. साडेपाच किलो तांदूळ आणि १ किलो डाळीला १७ ते १८ लिटर पाणी पुरतं. जुना तांदूळ आला असेल तर लिटरभर आणखी. पाणी वेगळं उकळून ठेवा आणि उकळतंच ओता. थंड पाणी ओतलं की तळाचा तांदूळ आधी शिजून बसतो, वरचा कच्चा राहतो, मग ढवळून ढवळून गोळा होतो.

बोअरचं पाणी जड असेल तर डाळ लवकर शिजत नाही. त्यावर सोडा घालू नका, सोड्याने ब जीवनसत्त्वं नासतात. डाळ अर्धा-पाऊण तास भिजवा, आधी एकटी अर्धी शिजवून घ्या आणि मग तांदूळ घाला. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ मऊ झाल्यावरच. आंबटात डाळ अडून बसते. मटकी, मूग आदल्या दुपारी भिजवून रात्री फडक्यात बांधले तर सकाळी मोड दिसतात. थंडीत मात्र एका रात्रीत मोड येत नाहीत. दोन दिवस आधी भिजवा आणि गाठोडं डब्यात घालून चुलीजवळ ठेवा.

शेवटच्यांना पाणी का येतं? कारण वाढताना डाव वरच्यावर फिरतो. डाळ, भाजी, तांदूळ तळाशी बसतात आणि वर रस्सा राहतो. पहिल्या रांगेला वरचं जातं, मध्ये कुणाला तरी तळाचा घट्ट भाग मिळतो, आणि पुरावी म्हणून मध्येच गरम पाणी घातलं की शेवटच्यांचं ठरलेलंच. दर दहा ताटांनंतर डाव तळाला टेकवून खालून वर ढवळा. डाव तळाला लागल्याचा आवाज आला पाहिजे. वर दिलेल्या मापाने ताटागणिक साडेचारशे ते पावणेपाचशे ग्रॅम खिचडी होते. पहिलीतल्या पोरीला एवढी जात नाही, पाचवीतलीला कमी पडते. म्हणून पहिली-दुसरीला दोन डाव आणि तिसरीच्या पुढे तीन-साडेतीन, असं ठरवून घ्या.

आणि एक. मुलगे ‘अजून’ म्हणून ताट पुढे करतात. मोठ्या मुली, विशेषतः पाचवी-सहावीनंतरच्या, बऱ्याचदा मागत नाहीत. ‘कुणाला हवंय का?’ असं विचारलं तर मान खाली घालतात. विचारू नका, पातेलं घेऊन त्यांच्या रांगेतून परत एकदा फिरा आणि वाढायला डाव पुढे करा. नको असेल तर त्या हात आडवा धरतील.

तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात. पाण्यात तरंगतात, रंगही वेगळा. आम्ही निवडून फेकतो. हे बरोबर आहे ना?
— पालक, नंदुरबार जिल्हा (असंच पत्र आणखी तिघांकडून)

फेकू नका. तो गुणसंवर्धित तांदूळ आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून, ते यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि साध्या १०० दाण्यांत असा १ दाणा येईल या बेताने मिसळतात. म्हणून ते थोडे पिवळसर, चकाकी नसलेले दिसतात आणि काही तरंगतात. निवडून टाकलेत तर मुलींसाठी मुद्दाम घातलेलं लोहच उकिरड्यावर जातं.

खात्री करायची तर चार-पाच दाणे उकळत्या पाण्यात टाका. मऊ होतात आणि बोटांनी चिरडले की पीठ होतं. प्लास्टिकचं पीठ होत नाही. धुताना तांदूळ एक-दोन पाण्यांत हलक्या हाताने धुवा, चोळू नका, वर आलेले दाणे पाण्याबरोबर ओतून देऊ नका. भात पाणी आटवून करा. पेज काढून टाकली तर बरंच सत्त्व तिच्याबरोबर जातं.

पोत्यात खडे, अळ्या, जाळी किंवा कुबट वास असेल तर ती गोष्ट वेगळी. असा माल उतरवूनच घेऊ नये. चालकासमोर पोतं तोला, बारदानाचं वजन वजा करा आणि जे भरेल तेच पावतीवर लिहा. सही आधी आणि तक्रार नंतर, हा क्रम उलटा पडतो. नवीन पोती मागे रचा, जुनी आधी संपवा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवली तर ओल आणि उंदीर दोन्ही टळतात.

दर सोमवारी लोहाची गोळी देतो. मुली म्हणतात मळमळतं, पोटात दुखतं. काही जणी गोळी दप्तरात टाकतात. काय करावं?
— शिक्षिका, सातवीचा वर्ग, धाराशिव जिल्हा

गोळी उपाशीपोटी दिली जाते आहे का, ते आधी बघा. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. सकाळी हजेरीच्या वेळी गोळी वाटली की जिने काही खाल्लेलं नाही तिला मळमळणारच. गोळी जेवणानंतर, मुली अजून रांगेत बसलेल्या असताना, भरपूर पाण्याबरोबर द्या. तुम्हीही त्यांच्यासमोर एक घ्या, त्याने निम्मी भीती जाते.

पहिली ते पाचवीसाठी गुलाबी गोळी असते, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह. सहावीपासून निळी, ६० मिलिग्रॅम. आठवड्यातून एकच. वार सोमवारच असला पाहिजे असं मात्र नाही. श्रावणात कितीतरी मुली सोमवारी उपवास करतात, खिचडी खात नाहीत आणि गोळी रिकाम्या पोटी जाते. तुमच्या गावात असं असेल तर आरोग्यसेविकेशी बोलून वार बदला. गोळीनंतर तासभर चहा नको, चहातल्या घटकांमुळे लोह अंगी लागत नाही. जेवणावर लिंबू पिळलं, आवळ्याचा तुकडा दिला किंवा पेरूच्या दिवसांत पेरूची फोड दिली तर लोह अधिक अंगी लागतं. शौचाचा रंग काळा होतो हे मुलींना आधीच सांगा. काही जणी त्या भीतीने गोळी टाकतात आणि लाजेने कुणाला विचारत नाहीत.

पोटात जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं जातं. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलींची यादी करा आणि पुढच्या फेरीत त्यांना चुकू देऊ नका. ज्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याचं निदान झालेलं आहे, तिला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांतल्या शिक्षकांनी ही यादी उपकेंद्राकडून मागून घ्यावी.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. दुपारच्या तासाला डुलक्या घेणारी मुलगी आळशी आहे असं म्हणण्याआधी तिच्या पापणीच्या आतली बाजू बघा. ती फिकी दिसली तर तिला तपासायला पाठवा.

सातवीच्या मुलींकडून पातेली घासून घेतात. विचारलं तर म्हणतात, मुलींना सवय असते. तक्रार कुठे करायची?
— एक आई, नाशिक जिल्हा

ही प्रथा बंदच व्हायला हवी. पातेली घासणं हे मानधन घेणाऱ्या मदतनिसांचं काम आहे. आपली थाळी आपण धुणं ठीक, तेही मुलगे-मुली सगळ्यांनी. तासाला बसायच्या वेळी मुलींनी राखेने पातेलं घासायचं असेल तर ज्या कारणासाठी हे जेवण सुरू झालं तेच पाण्यात गेलं.

आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. मग समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावा. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, तेव्हा तुमच्यासारख्या आयांचा आवाज तिथे चालला पाहिजे. तिथे नाही जमलं तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. तक्रारीत मुलींची नावं लिहू नका, तारखा आणि वेळ लिहा. आणि खरं कारण शोधा. बहुतेक ठिकाणी मदतनिसाची जागा रिकामी असते किंवा मानधन महिनोन् महिने थकलेलं असतं, आणि तिचं काम मुलींवर येऊन पडतं. केंद्राच्या निकषात महिना १००० रुपये, तेही वर्षातले १० महिनेच. राज्य त्यात भर घालतं. पण ती बाई उपाशी राहून तुमच्या मुलीला जेवू घालते आहे, ही बाजूही त्याच बैठकीत मांडा.

मुलींना वेगळ्या रांगेत, शेवटी किंवा जातीप्रमाणे बसवत असतील, तर त्याचीही तक्रार याच वाटेने. सर्वोच्च न्यायालयाच्या २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी महिलांना प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. स्वयंपाकी अमुक जातीची म्हणून मुलीला घरून डबा बांधून देणाऱ्या पालकांशी समितीने थेट बोलावं, गप्प बसू नये.

अंडं मिळायचं ते बंद का झालं?
— पाचवीतल्या मुलीची आजी, बीड जिल्हा

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ च्या निर्णयानंतर त्यासाठी वेगळा निधी राहिला नाही. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं झालं. आम्हाला हे पटत नाही. एका अंड्यातून ६ ग्रॅम उत्तम प्रथिनं मिळतात, आणि वाढत्या वयाच्या मुलीला ती स्वस्तात देणारी दुसरी वस्तू गावात नाही.

तोवर वाट अशी. वाढदिवस, बारसं, पुण्यतिथी अशा निमित्ताने शाळेला जेवण देण्याच्या प्रथेला महाराष्ट्रात ‘स्नेहभोजन’ म्हणतात आणि योजनेत तिला जागा आहे. लोक हौसेने जिलेबी-बुंदी देतात. त्यांना जिलेबीऐवजी अंडी-केळी द्यायला सांगा. जेवण शाळेच्याच स्वयंपाकघरात शिजावं, बाहेरून शिजवून आणलेलं नको. अंडी आधी पाण्यात सोडून पाहा, वर तरंगणारी बाजूला काढा. गार पाण्यातच घालून पाणी उकळू लागल्यावर १० ते १२ मिनिटं शिजवा. सोलायचं काम मुलांनी ताटावर आपापलं करावं, सोलून ठेवलेल्या अंड्यावर माश्या बसतात.

ग्रामपंचायत सदस्य म्हणून शाळेला भेट देते. स्वयंपाकघरात नेमकं काय बघायचं?
— महिला सदस्य, सोलापूर जिल्हा

पहिल्यांदा तेलाचा डबा. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेत जेवून २३ मुलं दगावली. तपासात अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. आपल्या कापसाच्या पट्ट्यात ते औषध घरोघरी ओळखीचं आहे, आणि त्याचे रिकामे डबे धुऊन पुन्हा वापरण्याची सवयही. शाळेत तेल, मीठ, तिखट, पाणी यांपैकी काहीही कुठल्याही औषधाच्या किंवा खताच्या डब्यात असता कामा नये, आणि कोठीत फवारणीचं सामान ठेवलेलं असता कामा नये. तेलाला वेगळा वास आला किंवा फोडणीत ते भलतंच फेसाळलं, धूर काळा आला, तर तिथेच स्वयंपाक थांबवायचा. त्या दिवशी स्वयंपाकी बाईने वास वेगळा असल्याचं सांगितलं होतं, पण तिचं ऐकलं गेलं नाही. स्वयंपाकी ताईला ‘आज हे शिजवणार नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, असा ठरावच समितीने करून ठेवावा.

मग चव नोंदवही उघडा. मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते. महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच हाताच्या दिसल्या तर काय ते समजून घ्या. रोजचा नमुना झाकणाच्या डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेला आहे का ते विचारा. पातेल्यांना घट्ट झाकणं आहेत का, छताला जळमटं आणि पाली आहेत का, गॅसची नळी भेगाळलेली नाही ना, सिलिंडर उभा आणि शेगडीच्या खालच्या पातळीला आहे ना, ते बघा.

वेळही बघा. अकराला शिजलेली खिचडी दीडला वाढत असतील तर ते धोक्याचं आहे. कोमट भातात जंतू वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. उरलेलं संध्याकाळी किंवा उद्या द्यायचं नाही, मुलींच्या हाती घरी पाठवायचं नाही.

शेवटी नळ आणि मुलींचं स्वच्छतागृह. हात धुवायला साबण आणि पाणी हवं. स्वच्छतागृहात पाणी नसेल तर मोठ्या मुली दुपारी पाणीच पीत नाहीत, काही जणी जेवतही नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत येतच नाहीत. त्या गैरहजेरीचं कारण हजेरीपटावर कुठेही लिहिलेलं नसतं. स्वयंपाकघर बघायला गेलात की तिकडेही जाऊन दार उघडून या.

आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. मुलगी सहावीत. धाकट्याला सांभाळायला तिला नेतो, शिवाय मागे तिला जेवायला कोण घालणार? शाळेत दुपारचं मिळतं, पण सकाळ-संध्याकाळचं काय?
— ऊसतोड कामगार आई, बीड जिल्हा (पत्र मुलीने लिहिलं आहे)

बाई, मुलीला मागे ठेवता येईल. तुमच्यासारख्यांसाठीच हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आई-वडील कारखान्यावर गेले की मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, दुपारी शाळेची खिचडी खातं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहातून मिळतं. ते शाळा व्यवस्थापन समिती चालवते. मात्र यादी आधी जावी लागते. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात, म्हणून सप्टेंबरातच मुख्याध्यापकांकडे मुलीचं नाव द्या. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली त्याच आठवड्यात हे काम केलं तर विसरणार नाही. समितीनेही वाट न बघता मुकादमांकडून जाणाऱ्या कुटुंबांची यादी मिळवावी.

न्यावंच लागलं तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत मुलीला बसता येतं आणि तिथे दुपारचं जेवणही मिळतं. परत आल्यावर जुन्या शाळेत नाव तसंच असतं. धाकट्याला कारखाना परिसरातल्या अंगणवाडीत घालता आलं तर तिचा हात मोकळा होईल. कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत, राहिलेली मुलगी आधी चूल सांभाळते, मग भाऊ सांभाळते आणि मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. तिला शाळेत ठेवा. तिचं अक्षर छान आहे.

मुलगी आठवी पास झाली. नववीला पाच किलोमीटरवर हायस्कूल, तिथे खिचडी नाही. ती म्हणते आता नको शाळा. काही सोय आहे का?
— आई, वाशिम जिल्हा

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतलं जेवण आठवीपर्यंतच दिलं आहे. तमिळनाडू आणि कर्नाटक दहावीपर्यंत देतात. महाराष्ट्रानेही द्यावं, कारण मुली गळतात त्या इथेच. भूक, अंतर आणि वय तिन्ही एकदम आडवं येतं.

आज काय करता येईल? एसटीत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. तो शाळेमार्फत जूनमध्येच काढा. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांपैकी असेल तर मुलींसाठी वेगळी बस असते, आणि शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. नवीन शाळेत हे विचारा. येणं-जाणं अजिबात जमत नसेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय किंवा समाजकल्याणाचं मुलींचं वसतिगृह, तिथे राहणं-जेवण दोन्ही.

डब्याचं असं करा. सकाळी घाईत भाकरी-चटणी तेवढी होते, तर चटणी शेंगदाण्याची, तिळाची किंवा जवसाची असू द्या. दोन भाकऱ्यांबरोबर तीन मोठे चमचे. सोबत मूठभर भाजलेले फुटाणे आणि गुळाचा खडा. रात्री मूठभर मटकी किंवा मूग भिजवले की सकाळी कांदा, मीठ, लिंबू घालून तसेच डब्यात जातात, शिजवायचं काम नाही. आणि सायकल असो की बस, घरून निघण्याआधी तिने अर्धी भाकरी तरी खाल्लीच पाहिजे, हे तुम्ही रानात जाण्याआधी डोळ्यांनी बघा.

तांदूळ आला नाही म्हणून आठ दिवस जेवण बंद आहे. मुख्याध्यापक म्हणतात, आमच्या हातात नाही.
— समिती सदस्य, जालना जिल्हा

थोडं त्यांच्याही हातात आहे. मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांनुसार धान्य, निधी, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण झालं नाही, तर त्या दिवसांचा अन्नसुरक्षा भत्ता, म्हणजे मुलाच्या वाट्याचं धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाचे पैसे, राज्याने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. सलग ३ दिवस किंवा महिन्यात ५ दिवस जेवण झालं नाही तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. तुमचे आठ झाले. अनुदान किंवा धान्य तात्पुरतं संपलं तर शाळेकडचा दुसरा निधी वापरून जेवण चालू ठेवायलाही याच नियमांत मुभा आहे.

आजच समितीचा ठराव करा. त्यात बंद दिवसांच्या तारखा, रोजची हजेरी, साठा नोंदवहीतली शेवटची शिल्लक आणि मागणी कधी पाठवली ते लिहा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाला. पुढच्या वेळेसाठी शाळेत महिनाभराचा तांदूळ शिल्लक असतानाच मागणी पाठवायची, असं ठरवून टाका. आणि या आठ दिवसांत कोणत्या मुली यायच्या बंद झाल्या त्यांची नावं काढून उद्या त्यांच्या घरी जा.